कुंदाआत्याच्या डब्यातली गाडी

ये, इकडे जवळ बस. आणखी जवळ. मला लांबून ओरडायला लावू नकोस, माझा घसा बसतो. आणि आधी मला सांग, तुझ्या जिन्याखाली गोणपाटात गुंडाळून ठेवलंयस ते काय आहे? स्कूटर ना? खोलून किती वर्षं झाली? पुढच्या महिन्यात जोडणार आहे म्हणालास तर कान धरीन हं. पुढचा महिना म्हणणारे मी आयुष्यभर बघत आलेय. तुम्हाला गाडी खोलताना हात आवरत नाही. पाना हातात आला की सकाळी सुरू करता आणि जेवायच्या वेळेपर्यंत अंगणात नुसता सांगाडा उरतो. मग चहा पिता, मग कोणाचं तरी लग्न निघतं, मग बदली होते, आणि मग दहा वर्षांनी घरातली बाई माझ्या दुकानात येऊन विचारते, ताई, हे घेतं का हो कोणी?

घेतात. त्याच धंद्यावर मी जगले.

मी नलू. शहाडला आमचं जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. गिऱ्हाईकं नलूताई म्हणतात, रिक्षावाले नलूमावशी. आमच्या ह्यांचं गॅरेज होतं. हे गेल्यावर गॅरेजातला माल तेवढा राहिला, आणि तो विकता विकता मी शिकले. शाळा माझी सातवीपर्यंतची. ह्या दिवाळी अंकाच्या संपादक बाई म्हणाल्या, तुमच्या कामाबद्दल लिहा, जसं बोलता तसंच लिहा. म्हटलं, मग मोठं होईल. म्हणाल्या, होऊ दे.

तर काम काय, ते सांगते. चालू गाडी विकणं सोपं. चावी फिरवली, आवाज ऐकला, पैसे दिले. भंगार विकणं त्याहून सोपं, काट्यावर टाकलं की झालं. पण अर्धवट खोललेली गाडी, जिचं इंजिन मोरीजवळ, दारं पलंगाखाली आणि काचा गोधडीत, तिला कोणी भाव सांगत नाही. विकणाऱ्याला वाटतं मी हिच्यात जीव घातलाय. घेणाऱ्याला वाटतं ह्यात काय काय नसेल देव जाणे. दोघंही खरं बोलत असतात. त्या दोघांच्या मधे मी बसते.

माझे नियम तीनच आहेत. पहिला, कागद आणि नंबर. आरसी बुक हातात घ्यायचं, इंजिनावरचा आणि बॉडीवरचा नंबर ओल्या फडक्यानं पुसून त्याच्याशी जुळवायचा. जुळला नाही तर तिथूनच चपला घालायच्या. दुसरा, सौद्याच्या वेळी नवराबायको दोघंही घरात पाहिजेत. एकदा कल्याणच्या एक बाई म्हणाल्या, हे ऑफिसला गेले की अकरा वाजता टेम्पो आणा, यांना मी संध्याकाळी सांगते. मी म्हटलं, बाई, संध्याकाळी तुमच्याकडे काय होईल ते मला आत्ता दिसतंय, मी नाही येत.

आणि तिसरा नियम, नसलेल्यांची यादी आधी वाचायची. हा मला एका मास्तरांनी शिकवला. बदलापूरचे होते, शांत गृहस्थ. त्यांना मी एक स्कूटर विकलेली, पाच खोक्यांत भरून. गिअरचा एक तुकडा त्यात नव्हता, मला माहीत होतं. मी म्हटलं विचारलं तर सांगू. त्यांनी विचारलं नाही. तीन महिन्यांनी ते पाचही खोकी रिक्षातून घेऊन आले, एकेक करून माझ्या काउंटरवर ठेवली, आणि एवढंच म्हणाले, मी सगळी जोडली हो, शेवटपर्यंत. भांडले असते तर बरं झालं असतं. मी पैसे परत दिले, पण त्यांचे तीन महिने कुठून देणार? ती स्कूटर पुढे भंगारात गेली. तेव्हापासून माझ्या वहीत डावं पान 'नाही'चं आणि उजवं पान 'आहे'चं. गिऱ्हाईकाला मांडणी दाखवायच्या आधी डावं पान मोठ्यानं वाचते. हे बघून दुसरे दलाल हसतात. म्हणतात, बाई दुकान चालवते की मयताचं रजिस्टर. हसू दे.

वहीची आणखी एक गंमत आहे. बोल्टची मापं इंग्रजीत लिहायची मला सवय नाही. इंच, सूत, मिलिमीटर, सगळा गोंधळ. म्हणून मी काय करते, बोल्ट कागदावर आडवा ठेवते आणि भोवतीनं पेन्सिल फिरवते. लहान मुलं हाताचा पंजा काढतात ना, तशी. शेजारी लिहायचं, असे सहा. आमचे हे असते तर म्हणाले असते, नले, ही काय चित्रकलेची वही आहे? पण ह्याच चित्रांनी एकदा माझी अब्रू राखली. तीच गोष्ट सांगायला बसलेय.

डोंबिवलीला मानपाड्याकडे एक तीन मजली जुनी इमारत होती. होती म्हणते, कारण आता तिथे खड्डा आहे आणि खड्ड्यावर क्रेन. बिल्डरनं राहणाऱ्यांना सांगितलेलं, दिवाळी इथेच करा, तुळशीचं लग्न झालं की चाव्या द्या. त्या इमारतीत तळमजल्यावर सावंत राहायचे. नवराबायको दोघंच, मुलगा बंगळूरला. सावंत तिथल्याच औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत फिटर होते. निवृत्त झाले त्या आठवड्यात त्यांनी आपली जुनी मोटार खोलली. ती गोल नाकाची, दुधी रंगाची, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर असलेली. तुझ्या आजोबांच्या वेळी टॅक्सीला चालायची तीच जात. एका महिन्यात नवीकोरी करतो म्हणाले. मग पाठीचं ऑपरेशन झालं. मग वाकायला बंदी आली. अकरा वर्षं गेली.

दसऱ्याच्या आधी सावंतवहिनी माझ्याकडे आल्या. ठेंगणी, चपळ बाई, बोलताना पदर खोचणारी. म्हणाल्या, बिल्डरच्या माणसानं भंगारवाला ठरवून टाकलाय, तुळशीच्या लग्नानंतर तो काटा घेऊन येणार. ह्यांनी त्या दिवसापासून जेवण कमी केलंय. तोंडानं म्हणतात, जाऊ दे, लोखंडच ते. पण मी पंचेचाळीस वर्षं बघतेय ना त्या तोंडाकडे.

मी गेले बघायला. आणि सांगते, अशी गाडी मी आधी कधी पाहिली नव्हती. ती सबंध इमारतभर होती. सांगाडा मागच्या बाजूला विटांवर, ताडपत्रीखाली. इंजिन जिन्याखाली दोन टायरांवर. बोनेट पहिल्या मजल्यावर एका म्हाताऱ्या जोशीबाईंच्या पलंगाखाली, त्यावर त्या पापडाचे डबे ठेवायच्या. मागची सीट दुसऱ्या मजल्यावर कोणाच्या तरी गॅलरीत, सोफा म्हणून. सावंत माझ्यापुढे एकेक दार वाजवत जायचे आणि म्हणायचे, आमचं मडगार्ड बघू जरा. आणि लोकं मडगार्ड काढून द्यायची, वर चहा विचारायची. बाप रे, म्हटलं, ह्या माणसानं शेजार कमावलाय.

आणि नटबोल्ट? ते वहिनींच्या आहेरातल्या स्टीलच्या डब्यांत. आपल्याकडे आहेराच्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव कोरून घेतात, तशी प्रत्येक डब्यावर नावं. सावंतांनी त्या नावांनीच गाडी लावलेली. बोट ठेवून सांगायला लागले, कुंदाआत्याच्या डब्यात गिअरबॉक्सचे बोल्ट. सुरेशमामाच्यात ब्रेकचे. हा मोठा डबा माझ्या बहिणीच्या, म्हणजे हिच्या वन्संच्या सासूबाईंचा, त्यात दारांच्या बिजागऱ्या, चारही दारं वेगवेगळ्या पुड्यांत. एकोणीस डबे, एकोणीस नातेवाईक. आत चिठ्ठ्या होत्याच, पेन्सिलीनं लिहिलेल्या, पण त्यांना चिठ्ठी लागतच नव्हती.

मी तीन दिवस तिथे बसले. एकेक बोल्ट काढून वहीवर त्याची आकृती काढली, शेजारी मोजून आकडा टाकला, वर नाव लिहिलं, कुंदाआत्या. आणि इथे माझी चूक झाली, मोकळेपणानं सांगते. माझी पद्धत अशी की यादी झाली की माल लगेच कापडाच्या पिशव्यांत भरून तोंड शिवून टाकायचं. पण ते डबे ओट्याखालच्या फळीवर इतके सुरेख रांगेत बसलेले, की माझं मन झालं नाही. म्हटलं, असू दे, घेणारा येईल तेव्हा भरू.

डाव्या पानावर मात्र एक मोठी गोष्ट आली. स्टिअरिंगचं चाक नाही. सगळी घरं पालथी घातली, सगळे माळे बघितले. मी सावंतांना विचारलं तर ते पंख्याकडे बघायला लागले. "कोणी नेलं असेल ताई," म्हणाले, "मुलं खेळतात ना चाकाशी." मी वहीत लिहिलं, स्टिअरिंगचं चाक: नाही. त्यांच्या घरात उभी राहून त्यांना खोटं कसं म्हणणार? आणि मी चाक शोधायला आले होते, चोर शोधायला नाही.

घेणारी मला ठाऊक होती. ब्रिजेट. ठाण्याला घोडबंदर रोडच्या आतल्या गावठाणातली, ख्रिस्ती, चाळिशीची, आयटीआयला मोटार मेकॅनिकचं शिकवते. वडिलांची भातशेती होती, जमीन गेली, खळं राहिलं, त्या खळ्यावर तिनं पत्र्याची शेड घातलीय आणि सुट्टीच्या दिवशी तिथे जुन्या गाड्या जोडते. फार बोलत नाही. बोलली की पक्कं बोलते. मी फोन केला तर म्हणाली, आंटी, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी येते, ट्रक घेऊनच येते, नंतर मला आयटीआयच्या परीक्षा आहेत. म्हणजे एकच दिवस होता. ती घेऊन गेली तर गेली, नाहीतर भंगारवाला.

दिवाळीच्या चार दिवस आधी सकाळी सावंतांचा फोन आला. आवाज असा, की मला वाटलं वहिनींना काही झालं. म्हणाले, ताई, तुम्ही या. फक्त या.

गेले तर वहिनी स्वयंपाकघरात पाटावर बसून रडतायत, आणि ओट्यावर एकोणीस डबे घासूनपुसून पालथे घातलेले, ऊन पडल्यासारखे चकचकीत. त्या घरातली शेवटची दिवाळी म्हणून बाईनं सगळ्या इमारतीला फराळ करायचं ठरवलेलं. साफसफाई काढली. डब्यांवर अकरा वर्षं डोळा होताच. नटबोल्ट एका गोणीत ओतले, तेलकट चिठ्ठ्या कचऱ्यात गेल्या, आणि चकल्या भरायला डबे तयार.

"माझे डबे होते हो ते," वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं नलूताईंनी लिहून घेतलंय, आता काय."

सावंत दारात उभे होते. रागावले नव्हते. मला त्याचीच भीती वाटली. म्हणाले, "जाऊ दे ताई. तुम्ही खूप केलंत. भंगारवाल्याला मी सांगतो लवकर ये म्हणून."

गोणी उचलून बघितली, मला हलेना. आत आठशेच्या वर नग. गाडीची मोठी अंगं तुम्ही कुठेही ओळखाल, पण बोल्ट हरवले तर तीच गाडी म्हणजे नुसता पत्र्याचा ढीग. दोन बोल्ट दिसायला सारखे असतात, आटे वेगळे असतात. चुकीचा बोल्ट जोर लावून बसवलात की भोक कायमचं गेलं. हे ब्रिजेटला सांगायची गरजच नव्हती. ती गोणी बघूनच परत फिरली असती, आणि तिचं बरोबरच असतं.

मी वही उघडली. चित्रं होती. आकडे होते. माणसं पाहिजे होती. मी वहिनींना म्हटलं, रडणं नंतर, आधी उठा आणि बायकांना बोलवा. सांगा निवडायला बसायचंय.

दुपारी तळमजल्याच्या पॅसेजमध्ये तीन जुनी पातळं अंथरली. इमारतीतल्या अकरा बायका आल्या, कोणी परात घेऊन, कोणी सूप घेऊन. जोशीबाई शहाऐंशीच्या, खुर्चीवर बसल्या. मी वहीची पानं सुटी केली, एकेकीला एकेक नातेवाईक वाटला. तुला सुरेशमामा, तुला कुंदाआत्या, तुम्हाला वन्संच्या सासूबाई. गोणीतून मूठ मूठ काढायची, चित्रावर आडवा ठेवून बघायचा, बसला तर आपल्या परातीत, नाही तर शेजारणीकडे. आटे कसे बघायचे तेही शिकवलं. नख ओढायचं. मोठे आटे असले तर नख अडखळतं, बारीक असले तर कर्र असा आवाज होतो. तांदळातला खडा ज्यांना चष्म्याशिवाय दिसतो त्यांना हे काय अवघड? अर्ध्या तासात त्या माझ्यापेक्षा भराभर करायला लागल्या.

आणि बोलणं तर काय. एक म्हणते, माझी आत्या फार तिरकी आहे हो, एकही बसत नाही. दुसरी म्हणते, सुरेशमामाचे सगळे मिळाले, पहिल्यापासून हिशेबी माणूस असणार. वन्संच्या सासूबाईंवर कोण काय म्हणालं ते लिहीत नाही, वन्सं हा अंक वाचतात. सावंत मधूनमधून जिन्यावरून डोकावून बघायचे. त्यांना वरच्या मजल्यावर पिटाळून खाली यायला बंदी केली होती, नाहीतर प्रत्येक बोल्टचा इतिहास सांगत बसले असते. संध्याकाळी पॅसेजचे दिवे लावले तेव्हा ते हळूच उतरले, परातींच्या रांगेतून चालत गेले, एका परातीतले चार बोल्ट उचलून तळव्यावर ठेवले आणि म्हणाले, "हे इकडचे नाहीत. हे पाळण्याचे आहेत." खरंच, मुलाच्या पाळण्याचे होते. ते बाजूला काढले आणि सगळं जुळलं. दोन कमी पडले. दोन! आठशेत दोन. मी डाव्या पानावर लिहिलं, गिअरबॉक्सचे दोन बोल्ट: नाहीत. आणि त्याच बैठकीत पिशव्या भरून तोंडं शिवली. आता ब्रह्मदेव आला असता तरी मी डबा वापरला नसता.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मागच्या अंगणात गाडी मांडली. मी खोललेली गाडी नेहमी रुखवतासारखी मांडते. जमिनीवर चादरी घालायच्या, आणि पुढून मागे, जशी जोडायची त्याच क्रमानं एकेक वस्तू, समोर तिची पिशवी. घेणाऱ्याला चालत चालत गाडी दिसली पाहिजे. इमारतीतल्या पोरींनी तेवढ्यात इंजिनाभोवती रांगोळी काढली. मी म्हटलं, काढा बायांनो, इंजिनाचं काही जात नाही.

ब्रिजेट नऊ वाजता आली. साधा पंजाबी ड्रेस, खिशात टॉर्च. सावंतांना नमस्कार केला, नंबर जुळवले, आरसी बुक बघितलं, त्यातल्या नावाकडे आणि सावंतांकडे बघून मान हलवली. मग मी डावं पान वाचलं. हॉर्न नाही. मागच्या डाव्या दिव्याची काच नाही. पुढची रबरं नाहीत. गिअरबॉक्सचे दोन बोल्ट नाहीत. स्टिअरिंगचं चाक नाही.

ती थांबली. म्हणाली, "आंटी, बाकीचं सगळं मी मिळवीन. पण हे चाक मिळत नाही. मी दोन वर्षं एका गाडीसाठी फिरले. चाक नसेल तर ही मी नाही घेणार."

सावंत इंजिनाकडे बघत होते. वहिनी सावंतांकडे बघत होत्या. मी म्हटलं, नको घेऊ, पण एवढी लांब आलीयस तर मांडणी बघून जा.

ती निघाली बघत. पुढून मागे, सावकाश. कुठे वाकायची, कुठे टॉर्च मारायची. मध्येच तिनं एक पिशवी उचलली. वर लिहिलेलं, पुढचं उजवं दार, बिजागऱ्या. मला विचारलं, उघडू का? म्हटलं, त्याच्यासाठीच आहे. तिनं टाके दातानं तोडले, बोल्ट ओंजळीत घेतले आणि ट्रकवाल्याला दार धरायला सांगितलं. सांगाड्याला दार टेकवलं. पहिला बोल्ट बोटांनी फिरवला, पाना न लावता. गेला. दुसरा गेला. तिसरा, चौथा, सगळे बोटांनी आत गेले, लोण्यात गेल्यासारखे. माझ्या मागे सगळ्या बायका श्वास रोखून उभ्या, आणि जिच्या परातीत वन्संच्या सासूबाई होत्या तिनं माझा दंड इतका घट्ट धरलेला, की दोन दिवस वळ होता.

मग ब्रिजेटनं पाना फिरवला, मागे सरकली, आणि दार लावलं.

खट.

जुन्या गाडीच्या दाराचा तो जड, भरीव आवाज तू ऐकलायस का? आत्ताच्या गाड्यांना तो नाही. सावंतांनी तो अकरा वर्षं ऐकला नव्हता. ते सरळ घरात गेले. आतून स्टूल सरकवल्याचा आवाज आला, आणि वहिनी म्हणाल्या, "पाठीला जपा." एवढंच.

बाहेर आले तेव्हा हातात कंपनीचा जुना निळा डगला होता, आणि डगल्यात गुंडाळलेलं चाक. हस्तिदंती रंगाचं, एकही चीर नाही, पुसून पुसून गुळगुळीत झालेलं. कपाटाच्या वर, गणपतीच्या मखराच्या खोक्यात ठेवलेलं. दर वर्षी मखर काढायच्या आधी तेच पुढे होऊन खोकं उतरवायचे, म्हणून कोणाला कळलं नाही.

"ताई," मला म्हणाले, "तुमच्या वहीत मी खोटं लिहायला लावलं. खोडा ते." मग ब्रिजेटकडे वळले. "हे नसलं तर कोणी नेणार नाही असं वाटलं होतं मला. पण नेलं नाही तर ती काट्यावर जाईल, हे काय मला कळत नव्हतं? तू जोडशील ना पूर्ण? की तुझ्याकडेही अशीच राहील?"

दुसरी कोणी असती तर हो हो जोडते म्हणाली असती. ब्रिजेटनं चाक हातात घेतलं, उलटसुलट बघितलं आणि म्हणाली, "काका, एकटीनं जोडली तर मला चार वर्षं लागतील. कुठलं काय कुठून निघालं ते फक्त तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही येणार असाल रविवारचे, तर दीड. वाकायचं काम मी करीन. तुम्ही खुर्चीवर बसून बोलायचं."

"मला बोलायला बंदी नाही," सावंत म्हणाले. "फक्त वाकायला आहे."

वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. किती महिन्यांनी ते त्यांनाच माहीत. ब्रिजेट मला म्हणाली, आंटी, उजव्या पानावर लिहा. मी लिहिलं, स्टिअरिंगचं चाक: आहे. त्याच्या खाली लिहिलं, सावंत, दर रविवार: आहेत. तशी नोंद माझ्या वहीत आधी कधी नव्हती, नंतरही झाली नाही. भाव काय ठरला ते विचारू नकोस. दोघांनाही तो योग्य वाटला, आणि माझ्या धंद्यात असं वर्षातून एकदा होतं. ट्रक निघाला तेव्हा बायकांनी फराळाच्या पिशव्या ट्रकवाल्याच्या मांडीवर ठेवल्या. भंगारवाला तुळशीच्या लग्नानंतर आलाच, काटा घेऊन. त्याला दोन गंजके पंखे आणि एक पाण्याची टाकी मिळाली. माणूस चांगला होता, चहा पिऊन गेला.

सावंत आता कल्याणला भाड्याच्या घरात राहतात. त्या दिवाळीपासून दर रविवारी सकाळी डबा घेऊन ठाण्याला. ब्रिजेट मला फोनवर तक्रार करायची, आंटी, काका एक बोल्ट लावून घेतात आणि दोन तास त्याच्यावर बोलतात. मी म्हणायचे, तूच लिहायला सांगितलंस, आता परत घेता येणार नाही. गिअरबॉक्सचे ते दोन बोल्ट मी माझ्या दुकानातून पाठवले, भेट म्हणून.

दीड नाही, एक वर्ष आणि दहा महिने लागले. ज्या दिवशी इंजिन सुरू व्हायचं त्या दिवशी मला आणि वहिनींना बोलावलं. दोनदा खोकली. तिसऱ्यांदा लागली. ब्रिजेटनं चावी सावंतांपुढे धरली. ते म्हणाले, तू चालव, मी शेजारी बसतो, आवाज नीट ऐकू दे मला. मग आरटीओला तपासणीला नेली. तिथल्या साहेबांनी चारही बाजूंनी फिरून बघितलं, एकदा चालवून बघितली, आणि पास केली. सावंत म्हणतात, साहेबांनी दार दोनदा लावलं. एकदा तपासायला आणि एकदा उगाच.

आणि पास झाल्यावर पहिली फेरी कुठे केली असेल? शहाडला, माझ्या दुकानापुढे. स्टँडवरचे रिक्षावाले गोळा झाले, मावशी कोणाची, मावशी किती सालची, मावशी विकायची का? मी काउंटरवरून उठले आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं सांगितलं, ही मी विकलेली आहे. आठशे तुकड्यांत विकलेली. आता हिला हात लावायचा तर आधी हात धुऊन या. त्या दिवशी मी दुकान दुपारीच बंद केलं, सबंध वर्षात पहिल्यांदा.

माझ्याकडून सगळ्याच गाड्या अशा जुळल्या असं नाही. मास्तरांची स्कूटर मला अजून आठवते. पण माझं काम काय म्हणून कोणी विचारलं, तर मी आता ती दुधी गाडी दाखवते आणि गप्प बसते, आणि मी गप्प बसणं म्हणजे काय ते माझ्या सुनेला विचार.

महिन्यातल्या शेवटच्या रविवारी ब्रिजेट ती घेऊन येते. पुढे ती आणि सावंत. सावंत अजून बोलतच असतात. मागे एका खिडकीशी वहिनी, दुसऱ्या खिडकीशी मी. नदीपर्यंत जातो, पुलाजवळ चहा पितो आणि परत येतो. मागच्या सीटवर मधली जागा रिकामी असते. आम्ही दोघी सरकून बसू. ये ना, ह्याच महिन्यात ये. जेवायलाच ये.